उलटा ठेवलेला फ्रिज

निवृत्त झाल्यावर मी घर भाड्याने दिलं आणि एक जुनी कॅम्पर गाडी घेतली, तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्यांनी बाईंना चळ लागला असं ठरवून टाकलं. म्हणोत बापडे. आत एक पलंग, एक शेगडी आणि एक फ्रिज, एवढाच माझा संसार. लग्न केलं नाही, त्यामुळे "सोबत कोण?" या प्रश्नाची सवय आहे. फ्रिज मात्र हवाच, कारण मला इन्सुलिन लागतं. नागपूरच्या भाचीशी माझा करारच झाला होता: फ्रिजने दगा दिला की गाडी विकायची आणि तिच्याकडे राहायला यायचं. भाची चांगली आहे. पण तिच्या घरात मी सारखी कुणाच्या तरी पायात येते.

पांढरकवड्याजवळ एका सकाळी फ्रिज उघडला तर दह्याला आंबूस वास आणि इन्सुलिनची शीशी कोमट. ऊन कडक. औषधाच्या दुकानात नवी शीशी घेतली आणि तिथूनच एका मेकॅनिकचा नंबर मिळाला. मी फोनवर स्वच्छ मराठीत सांगितलं, "गॅसचा फ्रिज आहे, थंड होत नाही."

तो आला तोच गॅस भरायचं नळकांडं आणि मीटर घेऊन. चाळिशीचा असेल, दाढीत थोडी पांढरी. फ्रिजच्या मागे वाकून बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, याचा कॉम्प्रेसर कुठी गेला? कोणी काढून नेला का?"

"याला कॉम्प्रेसर नसतो. गॅसचा फ्रिज आहे, सांगितलं ना."

"सगळेच फ्रिज गॅसचे असतात, मॅडम."

जन्मभर व्याकरण शिकवलेल्या बाईला असं कुणी समजावलं की डोकं फिरणारच. मी आवाज चढवला. "स्वयंपाकाचा गॅस! खाली ज्योत पेटते आणि वर थंड होतं!"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. हातातली शीशी पाहिली. मग अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमची शुगर तर नाही ना वाढली?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

त्याने आधी ती शीशी आपल्या दुरुस्तीच्या दुकानामागच्या घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवली आणि मग नागपूरच्या आपल्या उस्तादांना फोन लावला. उस्तादांनी पूर्वी सरकारी दवाखान्यांतले लसींचे, रॉकेलवर चालणारे फ्रिज दुरुस्त केले होते. माझा फ्रिज त्या फ्रिजांचाच भाऊबंद. ते म्हणाले, नळ्या कापू नको, आत अमोनिया आहे. अंगावर येईल. बाहेर काढ, डोक्यावर उभा कर, रातभर तसाच राहू दे. आतलं अडकलेलं पाणी सुटलं तर चालेल, नाही तर भंगार.

मग आमचा फ्रिज दुकानात गोणपाटावर शीर्षासन करून बसला. येणारा-जाणारा थांबायचा. "हे उलटं काहून ठेवलं भौ?" मेकॅनिक सांगायचा, "मॅडमचा फ्रिज हाय, आगीवर थंड होते." लोक त्याच्याकडे पाहायचे, मग माझ्याकडे, आणि मान हलवत पुढे जायचे.

गाडी दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली लावली. संध्याकाळी मी शीशी मागायला घरात गेले. मेकॅनिकच्या अम्मीने फ्रिज उघडला. दारातल्या अंड्यांच्या खणात माझ्या शीशीशेजारी तिचीही शीशी उभी होती.

"तुमचीबी सुई?" ती म्हणाली. "बसा मंग. माह्या घरात सुई घेऊन कोणी उपाशी जात नाही."

आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो आणि आपापल्या पोटात सुई टोचली. तिला सुईवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या, म्हणून तिचं औषध मी भरून दिलं. मग ज्वारीची भाकर आणि तुरीच्या डाळीतली भाजी. भात तिने मला वाढलाच नाही. "तुमाले नाही चालत," म्हणाली आणि स्वतः मात्र दोन घास चोरून खाल्ले. मी रागावले तर म्हणाली, "आता तुमी मले शाळेत बसवता का?"

दुसऱ्या दिवशी फ्रिज सरळ केला, पण सरळ झाल्यावरही त्याला निवांत उभं ठेवायचं होतं. मेकॅनिकने धुराच्या नळीतली काजळी आणि बर्नरमधला गंज साफ केला. मी अम्मीबरोबर मेथी निवडली. तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या डोळ्यांची. सुईची वेळ झाली की ती दारातूनच हाक मारायची, "अवं बाई, झाली का?" रोज दोन वेळा मी एकटीच सुई टोचून घेते. कुणी वाट पाहत असलं की ती कमी दुखते, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फ्रिज गाडीत चढवला. मेकॅनिकने पाण्याची बाटली आडवी ठेवून तो समतल आहे का पाहिलं, कारण तिरपा असला तर चालत नाही. मग तो बटण दाबून आत वाकला. टक, टक, टक. मी मागे उभी होते. पेटला तर पुढचा रस्ता, न पेटला तर नागपूर. मला दोन्ही नको होतं. मी मनात म्हणत होते, पेटू नकोस. आजचा दिवस तरी पेटू नकोस.

"पेटला! मॅडम, पेटला! अम्मी, पाहून घे!"

अम्मी येऊन वाकली आणि ती इवलीशी निळी ज्योत पाहून खरंच खूश झाली. मीही "वा" म्हणाले. संध्याकाळपर्यंत आत बर्फ धरला. आता थांबायला काही कारण नव्हतं, आणि कारण नसताना थांबायचं कसं, हे मला कधी कळलेलं नाही.

निघताना अम्मीने शीशी ओल्या फडक्यात गुंडाळून हातात दिली. "फ्रिज बिगडला तर या," ती म्हणाली. "लाजू नका."

भाचीला फोन करून फ्रिज दुरुस्त झाला म्हणून कळवलं. ती म्हणाली, "सुटलीस मावशी."

त्यानंतर मी खूप फिरले. रोज सकाळी खाली वाकून ज्योत पाहते. फ्रिज एकदाही बिघडलेला नाही.