सगळ्या अंगाचा फोटो

बायकोच्या काखेत गाठ होती. वर्षभर तिनं ती मला दाखवली नाही. शेरडं घेऊन डोंगराला जायची, काठीचा हात वर उचलेनासा झाला, तेव्हा मला कळलं. पौडच्या डॉक्टरनं बघितलं आणि पुण्याला धाडलं. पुण्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. मग मोठ्या डॉक्टरनं मला आणि लेकीला आत बोलावलं. हिला बाहेर बाकावर बसवलं.

"बाबा, कॅन्सर आहे," तो म्हणाला. "त्यांची पाठ दुखते, कंबर दुखते. आजार हाडांत उतरलाय का ते बघायला पाहिजे. सगळ्या अंगाचा एमआरआय करून घ्या."

"किती लागतील?"

"पंधरा हजार धरून चला."

आम्ही पौडच्या पुढं माले गावात राहतो. थोडं भाताचं वावर आहे, पण घर चालतं ते शेरडांवर. मी तिथंच खुर्चीत बसून मनात सहा शेरडं बाजूला काढली. कुठली, ते पण ठरवलं. ते मशीन काय करतं हे मात्र विचारलं नाही.

डॉक्टर सांगत होता की बघायला पाहिजे. ऐकलं मी, पण डोक्यात शिरलं नाही. आमच्याकडं डॉक्टरला पैसे देतात ते सुई टोचल्याचे. नुसतं बघितल्याचे कोण देतं? शेरडू आजारी पडलं तर मी त्याची पापणी उलटी करून बघतो, पोट चाचपतो. त्याला पैसा लागत नाही. नंतर पाला चारायचा का डाग द्यायचा ते ठरतं. मग पंधरा हजार म्हटल्यावर मला वाटलं, हाच उपाय. मोठा आजार, मोठा उपाय.

घरी आल्यावर हिला सांगितलं. कॅन्सर म्हणालो नाही, गाठ म्हणालो.

"सा शेरडं?" ती म्हणली. "अवं, सा शेरडांत दुसरी बायकू मिळंल तुमाला."

"मिळंल. पर तिला शेरडं वळायची न्हाईत."

"मंग ऱ्हाऊ द्या मला," म्हणली आणि हसली. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तेव्हा मी निवडलेली दोन तिनं माघारी ओढली आणि दुसरी दोन पुढं केली. तिला दुधाची शेरडी कळायची, मला नुसती दिसायची.

मशीनच्या ठिकाणी अंगावर काही धातूचं चालत नव्हतं. तिथल्या पोरीनं मणी काढायला लावले, केसातला आकडा काढायला लावला. जोडवी निघेनात. बोटं सुजली होती. पोरीनं साबण आणून दिला. मी खाली बसलो आणि हिचा पाय मांडीवर घेतला. इतक्या वर्षांत मी तिच्या पायाला हात लावला नव्हता.

"सोडा वं, लोक बगत्यात," ती म्हणली.

"बगू दे."

पोरगी म्हणाली, "आजी, आत खूप आवाज होईल. घाबरू नका. अजिबात हलायचं नाही."

तासभर मी आणि लेक बाहेर बसलो. भिंतीतून आवाज येत होता, कोणी घण घालतंय असा. थांबायचा, परत सुरू व्हायचा. मग ही बाहेर आली. घामानं भिजली होती, पण तोंडावर असलं तेज मी बऱ्याच महिन्यांत बघितलं नव्हतं.

"फोडली," ती म्हणली.

"काय फोडली?"

"गाट. आवाज आयकला न्हवं? पयलं डोक्यापशी ठाक ठाक, मंग छातीला, मंग कमरंला आली. समदीकडं फोडत गेली मशीन. मी जरा बी हालले न्हाई."

लेक काहीतरी बोलणार होती, पण तिनं काढलेले मणी आयेच्या हातात दिले. मला खरंच वाटलं. स्टँडवर हिनं दोन वडापाव खाल्ले. यष्टीत खिडकीपाशी बसून माल्यापर्यंत बोलत होती.

चार दिवसांनी मी आणि लेक रिपोर्टला गेलो. ही घरीच राहिली. डॉक्टरनं काळी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली. सगळी हाडं दिसत होती. हिचा डावा खांदा जरा खाली. चालताना पण तो तसाच खाली असायचा. डॉक्टर पेनानं ठिपके दाखवत गेला. मणका, बरगड्या, कंबर, मांडी.

"आता ऑपरेशन करून उपयोग नाही," तो म्हणाला.

"पर मशीननं फोडलं न्हवं समदं?" मी विचारलं.

त्याला कळलंच नाही. लेकीनं माझा दंड धरला. "आबा, ती मशीन फोटू काढती. फकस्त फोटू."

"पंधरा हजाराचा फोटू?"

डॉक्टर रागावला नाही. "बाबा, हा फोटो काढला नसता तर आपण ऑपरेशन केलं असतं. तुमचे लाखभर गेले असते आणि त्यांचे नुसते हाल झाले असते. कुठं कुठं पसरलंय हे कळायलाच तो असतो. काही महिने आहेत. दुखण्याच्या गोळ्या देतो."

त्याचं खरं होतं. आता पटतं. तेव्हा मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

घरी आलो तर दाराला कडी. ही शेरडं घेऊन डोंगराला गेली होती. दिवस मावळता आली, काठी त्याच दुखऱ्या हातात.

"काय म्हनला डागदर?"

लेक माझ्याकडं बघत होती. मी तोंडाचा फटकळ माणूस. सरपंचाला तोंडावर बोललोय, सासऱ्याला बोललोय. तिला म्हणालो, "बेस हाय म्हनला. गोळ्या घ्यायच्या."

महिनाभर ती खरंच बरी होती. भाकरी खायची, डोंगराला जायची. हापशावर बायांना मशीनचं सांगायची. कमरा दुखणाऱ्या दोघी-तिघी मला भाव विचारून गेल्या. लई महाग पडतं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

मग दुखणं परत उठलं. आधी कंबर, मग मांडी. डोंगर सुटला, मग अंगण सुटलं. गोळी घेतली तरी कण्हायची. एक दिवस म्हणली, "मला परत एकदा घाला त्या मशिनीत."

"कशाला?"

"एकदाच्यानं समदं फुटत न्हाई. दगडाला बी दोन-चार घाव लागत्यात."

"बगू."

"बगू काय? सोळा हायेत अजून."

"पावसुळ्यात भाव न्हाई शेरडांना."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तोंड भिंतीकडं केलं. त्यानंतर रोज एकदा विचारायची, आणि मी रोज नवं कारण काढायचो. व्यापारी गावाला गेलाय. शेरड्या गाभण हायेत. शेवटी तिनं विचारायचं बंद केलं आणि आल्यागेल्याला सांगायला लागली. शेजारची बाई दारात उभी राहून मला म्हणाली, "न्या की तिला मशिनीत. शेरडं काय उरावर बांधून न्यायचीत?" मी दावं वळत बसलो होतो. तसाच वळत बसलो.

मी तयार झालो होतो, हे कोणाला माहीत नाही. व्यापाऱ्याला सांगून पण ठेवलं होतं. म्हटलं, जाऊ देत आणखी सहा. नुसता आवाज ऐकून तिला महिनाभर बरं वाटणार असेल तर वाटू दे. लेकीनं डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, त्या आता तासभर उताण्या पडूच शकणार नाहीत, आणि कळायचं ते कळलंय. व्यापाऱ्याला मी येऊ नको म्हणालो.

लेक चिडली माझ्यावर. "आबा, आयेला खरं सांगून टाका. न्हाईतर ती तुमाला शिव्या देत मरंल."

"देऊ दे."

"तुमाला काय वाटतं का न्हाई?"

काय सांगू तिला. ही शिव्या देत होती तोवर तिला वाटत होतं की उपाय आहे, नवरा नडतोय. नवऱ्याचं मन कधीतरी वळलं की आपण उठणार. खरं सांगितलं असतं तर नडायला कोणीच उरलं नसतं. मग रात्रंदिवस त्या खाटेवर पडून तिनं बघायचं कशाकडं?

ती जायच्या चार दिवस आधीची सकाळ. लेक तिचे केस विंचरत होती. खाटेला लागून झडले होते, विंचरण्यासारखे राहिले नव्हते, पण तिला बरं वाटायचं. मी शेरडं सोडायला निघालो होतो. उंबऱ्यात असताना तिचा आवाज आला, लई बारीक झालेला.

"तुज्या बापाशी भांडू नगंस."

"न्हाई भांडत, आये."

"त्यास्नी शेरडं सुटंनात. ऱ्हाऊ देत. माज्या माघारी त्यास्नी दुसरं कोन हाय?" मग तिला मी दिसलो. "व्हय न्हवं? सुटत न्हाईत न्हवं?"

लेक माझ्याकडं बघत होती. डोळ्यांनी सांगत होती, बोला आता.

"व्हय," मी म्हणालो. "न्हाई सुटत."

"मंग तसं बोलायचं की आदीच. मी काय खाल्लं असतं तुमाला?" तिनं हात पुढं केला. "या, बसा हितं. लाजू नगा."

मी खाटेच्या कडेला बसलो. तिनं माझा हात धरला आणि धरूनच झोपली. लेक फणी घेऊन बाहेर गेली. मी हात काढून घेतला नाही. शेरडं दुपारपर्यंत कोंडलेलीच ओरडत होती.