मोज्यातला फोन

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, खिळ्यांना लटकलेल्या अर्धवट पँटी आणि कात्रणांच्या ढिगात बसलेले मास्तर. चाळीस वर्षं गावाला मापात बसवलं, पण बायकोच्या पोलक्याची उसवलेली बाही काही त्यांच्या हातून शिवून झाली नाही. बाई हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या आणि मास्तर मान खाली घालून सुईत दोरा ओवायचे.

छातीत कळ येऊन आठ दिवस दवाखान्यात काढल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालताना छाती आवळली तर तडक या, असंही बजावलं. एकुलत्या एक मुलाला तेव्हाच दूरच्या शहरात नोकरी लागली होती. निघायच्या दिवशी त्याने वडिलांच्या फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप टाकलं आणि ते आपल्या फोनला जोडलं.

"बाबा, मला तिथे बसून सगळं दिसणार. रोज सहा हजार पावलं. लबाडी चालायची नाही."

मास्तर त्याला बसस्टँडवर सोडायला चालत गेले. परत येताना दोनदा थांबले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापाशीच छाती आवळली, तसे भिंतीला धरून माघारी आले.

"त्याला कळलं तर नोकरीवर लाथ मारून येईल," ते बाईंना म्हणाले. "तू तोंड उघडू नकोस."

मग त्यांनी फोन मोज्यात खोचला आणि मशीनवर बसले. पायट्यावर पाय पडला की अ‍ॅपला वाटे, माणूस चालतोय. संध्याकाळी सहा हजार दोनशे झाले आणि फोनच्या पडद्यावर रंगीत कागद उडाले.

"बसल्या जागी गाव पालथं घातलंत की!" बाई हसल्या. मास्तरही हसले. त्या हसण्याबद्दल बाईंनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दोन महिने हे असंच चाललं. डॉक्टरांनी चालण्याचं विचारलं तेव्हा मास्तरांनी फोनच पुढे केला. आकडे बघून डॉक्टर खूश झाले आणि गोळ्या त्याच ठेवल्या. बाई शेजारी बसून होत्या. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं, कारण मास्तरांनी टेबलाखालून त्यांचा हात घट्ट धरला होता.

एका मंगळवारी मास्तरांना उठवेना. घामाने सदरा भिजला, डावा हात जड झाला. बाईंनी चपला घातल्या.

"अहो, मी रिक्षा बघते."

"उद्या जाऊ. आज आकडा शून्य दिसला तर तो हातातलं टाकून निघेल. तेवढं मशीन मार तू."

नवऱ्याचा शब्द मोडायची सवय नव्हती. हीच ती सवय, जिच्या नावाने बाई आता बोटं मोडतात. चिंधीने फोन घोट्याला बांधून त्या मशीनवर बसल्या. दोरा नाही, कापड नाही, नुसती सुई खालीवर. मधेच पाय थांबवून आतल्या खोलीतला श्वास ऐकायच्या, की पुन्हा सुरू.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "बाबा, सात हजार! मी रविवारी येणार होतो, पण तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहात. पुढच्या महिन्यात येतो."

"ये सावकाश," मास्तर म्हणाले.

सकाळी बाई चहा घेऊन गेल्या तेव्हा मास्तर गार पडले होते.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मुलगा फोन दाखवायचा. "आदल्या दिवशी सात हजार पावलं चाललेत. असा माणूस जातो कसा? डॉक्टरांनीच घोळ घातलाय." चार दिवस बाईंनी ते ऐकलं. पाचव्या दिवशी तो डॉक्टरांविरुद्ध तक्रार लिहायला बसला, तेव्हा त्यांनी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"ती पावलं माझी होती."

त्याला कळेना. बाईंनी मशीनकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. तो आईवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तो नुसता फोनवर मागे मागे जात राहिला, एकेक दिवस, त्या दिवसाच्या पावलांची एकेक हिरवी रेघ.

"म्हणजे बाबा चाललेच नाहीत? एकही दिवस नाही?"

बाईंनी सगळ्यात पहिल्या, बुटक्या रेघेवर बोट ठेवलं. दोन हजार शंभर.

"एवढे चालले. तुला बसस्टँडवर सोडायला आले होते ना, त्या दिवशी."