कोहळ्यावरचा कापूर

जळालेल्या गाड्या तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. विमा कंपनी पाठवते, मी जातो आणि आग कशानं लागली ते लिहून देतो. छापील अर्जातल्या कारणांच्या यादीत पहिलंच कारण आहे ‘मालकाचा हलगर्जीपणा’. आमच्यातल्या बहुतेकांना यादी पुढे वाचावीच लागत नाही.

बसवनगुडीतली ती विजेवरची स्कूटर आयुधपूजेच्या दिवशी जळाली. घर आमच्यासारखंच, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं आणि अजून घरात मराठी बोलणारं. सकाळी अक्कांनी, म्हणजे मालकाच्या आईनं, स्कूटरला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, कोहळ्यावर कापूर पेटवून तो गाडीवरून ओवाळला आणि चाकासमोर फोडला. मुलगा लिंबू चिरडून एक फेरी मारून आला. तासाभरानं अंगणात उभी असलेली स्कूटर पेटली.

दोन दिवसांनी मी पोचलो, तेव्हा स्कूटर बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर इलेक्ट्रॉनिक सिटीहून आधीच आला होता. फरशीवरचा कापराचा काळा डाग पाहून तो निकाल देऊन मोकळा झाला. “ओपन फ्लेम, सर. क्लिअर आहे.” त्याच्या स्वतःच्या गाडीच्या हँडलला झेंडूची माळ सुकत होती. पण मी कुठल्या तोंडानं हसणार? तो डाग पाहून माझाही अर्धा रिपोर्ट मनात लिहून झाला होता.

अक्का दारात बसल्या होत्या. “आग मीच लावली की हो अण्णा,” त्या म्हणाल्या. “कापूर स्वल्प जास्त झाला.”

त्या दिवसापासून देवापुढचा दिवा मुलगा लावत होता. आईला आपण एका शब्दानं बोललो नाही, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. काडेपेटी मात्र त्यानं वरच्या फळीवर ठेवली होती, अक्कांचा हात पोचणार नाही अशी. मला त्याचा राग आला. त्या रागातच मी खाली बसलो आणि गाडी नीट पाहिली.

पुढचं चाक धड होतं. टायरवरचं कुंकूसुद्धा शाबूत होतं. आग सीटखाली लागली होती आणि तिथून मागे पसरली होती. बॅटरीकडून येणाऱ्या तारेच्या टोकाला वितळलेल्या तांब्याचा मोहरीएवढा मणी सापडला. शोरूममधली तशीच नवी कोरी स्कूटर उघडायला लावली, तर त्याच जोडावरची पिन बोटानं हलत होती. सैल पिन तापते, ठिणगी पडते, आणि मग कापराची गरज उरत नाही. इंजिनिअरनंच त्या दिवशी अंगणात अभिमानानं सांगितलं होतं, की कारखान्यात दरवर्षी एकूणएक यंत्राची पूजा होते. पिना दाबून बसवणारं यंत्रही त्यात आलंच.

एरवी रिपोर्ट मी मेलवर पाठवतो. या वेळी एका संध्याकाळी स्वतः घेऊन गेलो. मुलानं तो मोठ्यानं वाचला.

“म्हणजे कापरानं काही झालं नाही?” अक्कांनी विचारलं.

“नाही अक्का.”

“सरी, ठीक.” मग वरच्या फळीकडे बघून म्हणाल्या, “आणि पूजेनंही काही झालं नाही.”

यावर लिहायला माझ्या अर्जात रकाना नव्हता. अक्कांनी स्टूल फळीखाली ओढलं. मुलगा काडेपेटी काढून द्यायला धावला.

“तू सरक,” त्या म्हणाल्या आणि स्टुलावर चढल्या.