थांबाताई आणि कच्चं आतडं

लहान बाळांच्या वॉर्डातल्या थोरल्या नर्सबाईंना सगळ्या बाळंतिणी थांबाताई म्हणत. काहीही विचारा, उत्तर एकच, "थांबा जरा." खरं तर माहेरी त्यांच्याइतकं उतावळं कुणी नव्हतं. चहाला उकळी फुटायच्या आतच गाळून मोकळ्या व्हायच्या. नवरा अंथरुणाला खिळला, घर चालवायचं म्हणून ही नोकरी धरली, आणि देवाने त्यांना थांबायला शिकवलं.

यंदा शिवणकाम करणाऱ्या एका मुलीचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलं. एवढासा जीव, पण पोट टम्म फुगलेलं. दूध पुढे सरकेना, शी होईना. डॉक्टरीणबाईंनी आतड्याचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. आतड्याला हालचालीचा इशारा देणाऱ्या चेतापेशी तिथे मुळातच नसतील, तर ऑपरेशन अटळ होतं. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या हसतच. "पेशी आहेत! फक्त कच्च्या आहेत. जन्मानंतरही त्या वाढतात, एकमेकींशी जुळत जातात. थेंबथेंब दूध देऊ आणि पोटावर लक्ष ठेवू."

"म्हणजे पोटातली मंडळी अजून शिकाऊच आहेत म्हणायची!" बाळाची आजी म्हणाली. "अहो ताई, मग दूध वाढवा की थोडं."

"थांबा जरा."

"तुमचं थांबा ऐकता ऐकता माझ्या नातवाला मिशा फुटतील हो!"

"फुटू देत. मीच कातरून देईन."

बोलायला बोलल्या, पण ताईंच्याही जिवाला घोर होता. नळीतून आईचं दूध हळूहळू सोडायचं, पोटावर तळवा ठेवायचा, मनात देवाचं नाव. पोट मऊ लागलं की हायसं वाटे. टणक लागलं की दूध बंद, आणि तिकडे आईच्या डोळ्यांना धार.

एका सकाळी ताईंनी दुपटं उघडलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. आईने धसका घेतला.

"ताई, काय झालं? बोला ना!"

"काय व्हायचंय? तुझ्या लेकाने मैदान मारलं गं! बघ, दुपटं भरून टाकलंय."

आजी धावली. "सोनं गं माझं!"

"आजी, सोनं आधी धुवायला टाका," ताई हसत म्हणाल्या आणि त्यांनी बाळाच्या पोटावर तळवा ठेवला.

पोट मऊ होतं. तळव्याखाली काहीतरी गुडगुडलं. देवा, तुझे उपकार, असं म्हणत ताईंनी हात तिथेच राहू दिला. मग आईचा हात धरून अलगद त्याच जागी ठेवला.

"ऐक," त्या म्हणाल्या, "कामाला लागलेत सगळे."