सुभेदारणीच्या घराची पाहणी

माझ्या धाकट्या बहिणीला आमच्या गल्लीत सगळे सुभेदारीण म्हणतात. नवरा हवालदार म्हणूनच घरी आला, सुभेदारी काही त्याच्या नशिबी नव्हती. पण हिची ऐट बघून लोकांनी परस्पर बढती देऊन टाकली. ऐट म्हणजे दागिन्यांची नव्हे हो. दारातल्या चपला एका रेषेत, फळीवरच्या कपांचे कान एका बाजूला, पलंगावरची चादर अशी ताणलेली की बसायला भीती वाटावी. चौदा वर्षं फौजी क्वार्टर्समध्ये काढलेली बाई ती. मी तिची थोरली. त्याच इमारतीत खाली माझं इस्त्रीचं दुकान आहे, आणि माझ्या नाकावर राग असतो असं गिऱ्हाईकं म्हणतात. म्हणू देत. पुढचं सगळं मी रागातच सांगणार आहे.

हवालदार जखमी झाले ते लढाईत नव्हे. रसद घेऊन जाणारा ट्रक घाटात उलटला, आणि त्यांचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं. लढाईत झालं असतं तर हारतुरे, भाषणं, पेपरात फोटो. ट्रक उलटला म्हटल्यावर माणसं नुसती चुकचुकली आणि कामाला लागली. फौजेच्या दवाखान्यात उपचार झाले, पेन्शन बसली, घर चालतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार जिन्याची आहे. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, मध्ये एक अवघड वळण. एकदा तपासणीला न्यायचं म्हणून गल्लीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. वळणावर एकाचा पाय घसरला आणि हवालदार खुर्चीसकट भिंतीवर आदळले. खरचटण्यावर निभावलं, पण त्या दिवसापासून त्यांनी खाली यायचं नावच टाकलं. “माझ्यापायी कुणाचा जीव जायला नको,” म्हणाले. तेव्हापासून अकरा महिने तो माणूस एका खोलीत, एका खिडकीशी. ज्यानं बर्फात पहारे दिले, तो रस्त्यावरचा खांब बघत पडून राहायचा. डॉक्टर वर येऊन तपासायचे. उचलणं, कूस बदलणं, संडासला नेणं, सगळं माझी बहीण एकटी करायची. तिचं वजन त्यांच्या निम्मंसुद्धा नसेल.

अशात माझ्या दुकानामागची तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. मालकानं माझ्या शब्दाखातर महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. पण तिथं चाकाची खुर्ची फिरायची तर दार रुंद करायला हवं, पायरीच्या जागी उतार हवा, संडासात धरायला दांडे हवेत. तेवढं दोघींच्याही आवाक्यात नव्हतं. म्हणून आम्ही निधीकडे अर्ज केला.

हा निधी म्हणजे फौजी लोकांच्या कुटुंबांना मदत करणारी धर्मादाय संस्था. लोकांच्या देणग्यांवर चालते. दुकानादुकानांत त्यांचे डबे असतात, माझ्याही गल्ल्याशेजारी एक होता. सुटे राहिले की मी गिऱ्हाइकाला दरडावायची, “टाका त्यात, खिशात ठेवून काय करणार?” अर्ज गेला आणि आठवड्यानं पत्र आलं. “अमुक तारखेस आपल्या घराची पाहणी करण्यात येईल.”

त्या एका शब्दानं घात केला. पाहणी! तुम्हाआम्हाला काय वाटेल? कुणीतरी येईल, बघून जाईल. पण फौजेच्या माणसाच्या कानावर हा शब्द पडला की त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. पाहणी म्हणजे साहेब येणार. फटीत बोट घालून धूळ बघणार. पलंगाखाली वाकणार. त्यात काही निघालं तर नवऱ्याची मान खाली. चौदा वर्षं माझ्या बहिणीनं असल्या पाहण्या दिल्या होत्या आणि एकदाही तिच्या घरात खोट निघाली नव्हती.

मग काय विचारता! तीन दिवस तिनं जिवाचं रान केलं. भिंती पुसल्या, पंख्याची पाती घासली, शेजारणीकडून नवे पडदे मागून आणले. चादरींना कडक इस्त्री कुणी मारली? मी! या माझ्या हातांनी! वर तिनं रबरी चादर, लघवीचं भांडं, पुसायची फडकी, मलमं, सगळं एका पिशवीत भरून माझ्या दुकानात आणून ठेवलं. “ताई, तेवढे दोन तास सांभाळ. वर वास नको यायला.” आणि मी ती पिशवी मुकाट्यानं टेबलाखाली सरकवली. ज्यासाठी मदत मागतोय तेच सगळं आपण लपवून ठेवतोय, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. एरवी दुनियेला अक्कल शिकवणारी मी! आजही आठवलं की कपाळावर हात मारून घेते.

पाहणीला एक बाई आल्या. साठीच्या, चष्मा, हातात फाइल. चांगल्या घरातल्या, मोबदला न घेता काम करणाऱ्या. हवालदार गुळगुळीत दाढी करून, बटणं गळ्यापर्यंत लावून, उशांना टेकून ताठ बसलेले. बाई चारही बाजूंना बघून म्हणाल्या, “वा! किती सुंदर ठेवलंय हो घर!” माझी बहीण लाजून लाल झाली. मग बाईंनी हवालदारांना विचारलं, “काही अडचण?”

आता ऐका. फौजेत साहेब रांगेसमोरून जाताना असंच विचारतो आणि त्याला उत्तर एकच असतं. वीस वर्षं दिलेलं उत्तर जिभेला चिकटलेलं असतं. हवालदारांनी छाती पुढे काढली आणि अख्खी इमारत ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “काही अडचण नाही, मॅडम!”

बाई हसल्या. फाइलीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला आणि गेल्या. नवराबायको दोघंही खूश. पाहणी पास झाली म्हणून बहिणीनं खाली येऊन मला मिठी मारली.

चौथ्या दिवशी निधीचं पत्र आलं. “कुटुंब सुस्थितीत आढळले. अर्जदाराने स्वतः कोणतीही अडचण नसल्याचे सांगितले. अर्ज नामंजूर.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इस्त्री बंद केली, गल्ल्याशेजारचा तो डबा उचलला आणि बहिणीला ओढतच निधीच्या कचेरीत घेऊन गेले. कारकुनाच्या टेबलावर डबा आपटला. म्हटलं, “हा घ्या तुमचा डबा! सुस्थिती काय असते, दाखवू का? या एकदा, माझ्या मेहुण्याला उचलून संडासला न्या. मग लिहा सुस्थिती!”

कारकून भला माणूस निघाला, ते माझ्या रागाला अजिबात सोयीचं नव्हतं. त्यानं दोघींना बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, “बाई, जसा शेरा येतो तसा निर्णय होतो. मी काय करणार? फेरपाहणी मागता येते, मी लावून देतो.” मग आवाज खाली आणून बहिणीला म्हणाला, “पण या वेळी घराला हात लावू नका. जसं असेल तसं दिसू द्या.”

“जसं असेल तसंच होतं,” माझी बहीण म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी तिला फोड करून सांगितलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली. “म्हणजे घाण दाखवायची?” म्हणाली. मी म्हटलं, “हो बाई, घाण दाखवायची. यांना स्वच्छ गरज दिसत नाही!”

फेरपाहणी महिना संपायच्या पाच दिवस आधी ठरली. सकाळी दहाची वेळ. मी दुकान बंद ठेवून नऊलाच वर गेले, कारण माझ्या बहिणीचा मला भरवसा नव्हता. आणि झालंही तसंच. तिनं हातात फडकं घेतलं होतं. तेव्हा हवालदार पलंगावरून म्हणाले, “ठेव ते. आज कशाला हात लावायचा नाही. हा हुकूम समज.” लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यांनी तिला कधी हुकूम केला नव्हता. तिनं फडकं ठेवलं.

दहा वाजले. साडेदहा वाजले. बाईंचा पत्ता नाही. अकराच्या सुमारास हवालदारांच्या अंगाखालची चादर ओली झाली. त्यांना स्वतःला ते कळत नाही, आधी आपल्याला कळतं. बहीण चटकन उठली. ते म्हणाले, “बस.” ती बसली. पंधरा मिनिटांनी पुन्हा उठली. “अहो, कातडी सोलवटेल. पडून पडून पाठीला झालेली जखम आत्ता कुठं भरत आलीय.” ते म्हणाले, “बस म्हणतो ना.” तिसऱ्या वेळी ती उठली आणि तशीच उभ्या उभ्या रडायला लागली. मी खिडकीशी उभी राहून त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मनातल्या मनात नव्हे, चांगला मोठ्यानं. खोलीत वास भरला होता, पंखा तो वास फिरवत होता, आणि तो फौजी गडी छताकडे बघत त्या ओल्यात पडून होता. दीड तास! कशासाठी? तर एका परक्या बाईला खात्री पटावी म्हणून!

साडेबाराला बाई आल्या. “सॉरी हं, आधीच्या घरी वेळ लागला.” दारातच त्यांचा रुमाल नाकाला गेला. पलंगाजवळ त्या आल्याच नाहीत, उंबऱ्याच्या दोन पावलं आत थांबल्या. विचारलं, “काही अडचण?”

या वेळी हवालदारांनी छाती पुढे काढली नाही. म्हणाले, “अडचण आहे, मॅडम. मला उठता येत नाही. मी कपड्यात घाण करतो. ही मला एकटी उचलते, तिची कंबर गेली आहे. अकरा महिन्यांत मी माती बघितलेली नाही. मला खाली जायचंय, मॅडम.” एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी लिहून घेतलं. चहा घेतला नाही. त्या जिना उतरायच्या आत बहिणीनं चादर ओढून काढली होती. पाठीची जखम पुन्हा उघडी पडली होती.

तिसऱ्या दिवशी कारकून स्वतः पत्र घेऊन दुकानात आला. पोस्टानं पाठवलं असतं तर महिना उलटून गेला असता, म्हणून कचेरी सुटल्यावर पायी आला होता. पण पत्र देताना माझ्या डोळ्याला डोळा देईना. बहीण नेमकी खालीच होती. तिनं पत्र उघडलं, मी तिच्या खांद्यावरून वाचलं.

“अर्ज मंजूर. शेरा: रुग्ण अत्यंत अस्वच्छ अवस्थेत आढळला. पत्नीकडून देखभालीत हयगय होत असल्याचे दिसते. पत्नीने यापुढे योग्य काळजी घेण्याची हमी द्यावी.” आणि खाली, सहीच्या जागेच्या वर, “वरील शेरा वाचला. मला मान्य आहे.”

मी ओरडले, “हयगय? हिच्याकडून? फाड ते! मी जाते त्या बाईच्या घरी, बघतेच तिच्या पलंगाखाली काय आहे ते! फाड म्हणते ना!” कारकून म्हणाला, “मी त्यांना सांगून बघितलं हो. शेरा बदलत नाहीत. सही नसली तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून.” खोली हातची जायला दोन दिवस उरले होते.

बहिणीनं पत्र माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. दोनदा वाचलं. “मला मान्य आहे” या शब्दांवरून बोट फिरवलं. मग कारकुनाकडे पेन मागितलं. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “सोड ताई. त्यांना खाली यायचंय.” आणि तिनं सही केली. पूर्ण नाव लिहून, खाली तारीख घालून.

आम्ही दोघी वर गेलो. हवालदार कुशीवर होते, तसेच मान वळवून बघायला लागले. “काय झालं?”

“मंजूर झालं,” ती म्हणाली.

“काही शेरा?”

“काही नाही. नुसतं मंजूर.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा ताई, तुम्ही उगाच त्या बाईंना शिव्या घातल्या. भली बाई आहे. तिला दिसलं ना शेवटी, हिनं माझ्यासाठी काय काय केलंय ते?”

बहीण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “हो. दिसलं.”