काकांच्या नावावरच्या गोळ्या

अन्याय झाला तो माझ्या चुलतभावावर, मयूरदादावर. मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वासातला, सरावलीच्या घरात बुटाची नाडी बांधता बांधता तो कोसळला. तो वैमानिक होता आणि दुसऱ्या दिवशी त्याची वैद्यकीय तपासणी होती. बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू होतं का? काका म्हणाले, "त्याला काय नाय. गोळ्या मला हायत." लपवायची सवय इतकी मुरलेली, की मुलगा समोर पडलेला असतानाही तोंडातून तेच आलं... दहा मिनिटांनी मी पोचले आणि खरं सांगितलं. दादा गेला. त्या दहा मिनिटांनी काय फरक पडला असता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

दादाला छातीत धडधडायचं. त्यावरची गोळी एकदम बंद करायची नाही, असं त्याला बजावलेलं होतं. तरी तपासणीत सापडेल या भीतीने तो चार दिवस आधी ती बंद करायचा. ही युक्ती त्याला विमानतळावर मिळाली नव्हती, आपल्या एमआयडीसीत मिळाली होती. काका कारखान्यात क्रेन चालवायचे, तेव्हा त्यांची रक्तदाबाची गोळी काकूच्या नावावर यायची आणि वार्षिक तपासणीआधी बंद व्हायची. मुलाची वेळ आली तेव्हा त्यांनी आपलं नाव दिलं, ओळखीच्या डॉक्टरांनी तशी चिठ्ठी दिली. आणायला मी जायचे. "काका दोन माणसांच्या गोळ्या एकटेच खातात काय गं?" असं मेडिकलवाला विचारायचा, आणि मी हसायचे.

नियमावर माझा राग नाही. औषध कळवायचं, तंदुरुस्त ठरेपर्यंत विमान चालवायचं नाही, हे बरोबरच आहे. मागे माणसं बसलेली असतात. दादाचं चुकलंच, आणि ते त्याला माहीत होतं. पण त्याच्या बरोबरच्या एका वैमानिकाने तपासणीच्या अर्जात खरं लिहिलं, सगळ्या तपासण्यांतून तो तंदुरुस्त ठरला, तरी कंपनीने ड्यूटीच्या यादीत त्याचं नाव परत घातलं नाही. यातून बाकीच्यांनी काय शिकायचं? मी कारखान्यांच्या गेटवर कामगारांना पत्रकं वाटते; मी दादाला म्हटलं, तूही खरं लिही, आपण भांडू. तो म्हणाला, "तू गेटवर पत्रकं वाट. मला उडू दे." मी ऐकलं. 'आजार लपवू नका' छापलेली पत्रकं ज्या पिशवीत असायची, त्याच पिशवीतून त्याच्या गोळ्या आणल्या.

फ्रिजवरचा स्टीलचा डबा अजून तिथेच आहे. काकू तो रोज पुसते, उघडत नाही. मी उघडला. आत पाकीट, पाकिटावर काकांचं नाव, आणि चार गोळ्या... शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार.

तुमच्या घरातला डबा आज उघडा. दुसऱ्याच्या नावावरची गोळी सापडली, तर ती कोण खातं ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि खरं सांगणाऱ्याला परत कामावर घेणार की नाही, हे तुमच्या कंपनीकडून लेखी मागा.