ओपलबाईंची साक्ष

ड्वेन प्रुइट कादंबरीकार झाला, तरी केंटकीतल्या आपल्या डोंगरखोऱ्याबाहेर त्याची लेखणी कधी गेली नाही. बाप लाकडाच्या गिरणीत होता. ड्वेन स्वतः कित्येक वर्षे गुरांच्या खाद्याच्या दुकानात पोती वाहायचा आणि गिऱ्हाईक नसले की लिहीत बसायचा. पाच कादंबऱ्या झाल्या. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी वाखाणल्या; गावात फारशा कोणी वाचल्या नाहीत. पुढे कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि तो ओढ्यापलीकडे, शेजारच्या काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, राहायला गेला.

तेच आता नडले. त्याची पाचवी कादंबरी, दारुड्या बापाची, गावच्या शाळेच्या वाचनालयातून काढावी का, यावर शाळा समितीची सभा भरली होती. आपण शिकलो त्या शाळेत आपले पुस्तक राहावे, एवढेच ड्वेनला हवे होते. पण सभेत बोलायचा हक्क गावच्या काउंटीतल्या रहिवाशांनाच.

"पाच पुस्तकं आमच्या वतीनं तूच बोललास ना?" अध्यक्ष रे कॉम्ब्स म्हणाला. दोघे एका वर्गातले. "आज जरा ऐक."

लोक हसले. तेवढ्यात ड्वेनची आई, ओपल, पर्स छातीशी धरून उठली. चर्चमध्येही ती कधी चार शब्द बोलली नव्हती.

"माझा पोरगा लबाड नाही," ती म्हणाली. "मार चुकवायलासुद्धा खोटं बोलला नाही कधी. त्यानं लिहिलंय ते खरंच असणार."

"असणार म्हणजे? वाचलंयत ना तुम्ही, ओपलबाई?" रेने अदबीने विचारले.

ड्वेनने तिला हे कधी विचारले नव्हते. त्याचा धीर झाला नव्हता. आता 'हो' म्हण, एवढेच तो मनात म्हणत राहिला.

"नाही रे बाबा. पहिलं पान उघडलं आणि मिटलं. त्या माणसाला मी एकदा पुरलंय."

कोणी हसले नाही. रेचा आवाजही मऊ झाला. "सख्ख्या आईला सोसवत नाही, ते पोरांच्या हातात कसं द्यायचं?"

ड्वेन उठला. "रे, एकच वाक्य बोलू दे."

"नाही देता येत रे. बस."

पुस्तक काढावे म्हणून समितीचे हात वर झाले. एका बाईंचा तेवढा खाली राहिला. पुस्तक गेले.

ओपल शेजारी येऊन बसली. "मी काही चुकीचं बोलले का रे?"

"नाही, आई," ड्वेन म्हणाला. ती चुकीचे काहीच बोलली नव्हती; पुस्तक गेले ते त्यामुळेच.